तुसाच्या आतलं

आत्या, तुझ्या बाराव्याच्या जेवणासाठी मी तुझंच बियाणं भरडायला नेलं. हे तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो, कारण दुसरे म्हणजे बाळूकाका, आणि बाळूकाका कुठलीही गोष्ट सांगताना त्यात दोन पोती वाढवतात. पोतं एकच होतं. तेही तोंडापर्यंत भरलेलं नव्हतं. आणि घाबरू नकोस, शेवट बरा आहे. तुला शेवट आधी कळलेला आवडायचा. टीव्हीवर सिनेमा लागला की तू विचारायचीस, "मरतो का रे तो? आधी सांग, मग निवांत बघते." तर निवांत ऐक.

तू गेलीस तीही निवांतच. चहा प्यायलीस, कप विसळून पालथा घातलास, पडवीत येऊन बसलीस आणि उठली नाहीस. मी मुरबाडहून डोळखांबला पोचलो तेव्हा कप तसाच पालथा होता, त्याच्याखाली पाण्याची गोल खूण वाळत आली होती. मी खूप रडलो. पण रडताना मध्येच हायसंही वाटत होतं, आणि त्याची लाज वाटावी की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला नळ्या लावून कुणा पोरगेल्या डॉक्टरनं "आज्जी, हात हलवा" म्हटलं असतं, तर तू आधी त्याला हाताच्या स्नायूंची नावं विचारली असतीस. तो बिचारा वाचला. तूही वाचलीस.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते अर्धवट टाकून गेलीस ना, म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवात तुझ्याच वर्गात झाली. घरी तू आत्या, शाळेत बाई. घरून निघताना मी तुझी पिशवी धरायचो आणि शाळेच्या फाटकात ती तुझ्या हातात देऊन अनोळखी व्हायचो. त्या दिवशी तू वाल आणि मका भिजवून आणले होतेस. वालाचं साल काढलंस, दोन डाळिंब्या वेगळ्या करून दाखवल्यास. "हे द्विदल. आता मक्याचा दाणा असा उघडून दाखवा कुणीतरी." आम्ही नखं लावली, दात लावले, पक्यानं दगड आणला. दाणा काही उघडेना. मग तू ब्लेडनं तो उभा चिरलास. आत सगळा पिठूळ साठा, आणि एका बाजूला, देठाकडच्या टोकाला, पांढरी चिमुकली होडी. "साठा मोठा दिसतो म्हणून त्याला बी समजू नका," तू म्हणालीस. "तो शिधा आहे. जीव हा एवढाच, कोपऱ्यात बसलेला."

तोंडी परीक्षेला तू मला विचारलंस, "एकदल बियाला मोड येतो तेव्हा कोंबाच्या टोकावर काय असतं?" पुस्तकातलं नाव एवढं लांबलचक होतं की ते माझ्या तोंडात मावेना. मी म्हणालो, "छत्री." वर्ग खिदळला. तू हसली नाहीस.

"टोपी म्हण," म्हणालीस. "छत्री हातात धरावी लागते, टोपी अंगाला चिकटून असते. पानं त्या टोपीत गुंडाळलेली असतात, मातीतून वर येईपर्यंत त्यांना खरचटू नये म्हणून. उजेड दिसला की पान टोपी फाडतं. अर्धा मार्क."

पुढं मी मुरबाडला दुकान टाकलं. ताडपत्र्या, मेणकापड, रेनकोट, गमबूट, आणि हो, छत्र्या. उद्‌घाटनाला तू आलीस, वरपासून खालपर्यंत माल बघितलास आणि चारचौघांत म्हणालीस, "अर्ध्या मार्काचा राग अजून गेला नाय वाटतं."

जगात सगळ्यात महत्त्वाचं काय असतं, तर वरचं आवरण, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. धंदाच तो. म्हणून दिवाळीत तुझ्या घरी जेवायला बसलो की मी ठिणगी टाकायचोच.

"आत्या, भाताचं तूस काढलं की बी मेलं. कव्हर गेलं, माल गेला."

"तूस हा रेनकोट आहे, दिन्या. रेनकोट काढल्यावर माणूस मरतो काय?"

"पावसात काढला तर मरतो."

"सर्दी होते."

मग तू ताटातला भात बाजूला सारून शिकवायला लागायचीस. तुसाच्या आत लाल पापुद्रा असतो, ती खरी कातडी. आणि तीही एक नाही, फळाची साल आणि बियाची साल एकमेकींना अशा चिकटलेल्या की सोडवायला गेलं तर दोन्ही फाटतात. "तुझी आय आणि मी जशा," तू म्हणायचीस, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐकू येतंय गो मला." त्या कातडीच्या आतल्या अंगाला एक पातळसा थर, कोठीवर बसवलेल्या माणसासारखा. कोपऱ्यातल्या जिवाला पाणी लागलं की तो निरोप धाडतो आणि हा थर कोठी उघडतो. मग तू एक पांढरं शीत बोटावर घेऊन माझ्या नाकासमोर धरायचीस. "बघ. एक कोपरा उडाल्यासारखा दिसतो ना? गिरणीत पालिश केलेल्या सगळ्याच तांदळाचा असा कोपरा गेलेला असतो. तिथं बाळ होतं. नुसत्या तुसानं बी मरत नाय. कोपरा गेला की मरतं."

"सोललेलं भात उगवतं म्हणतेस?"

"करून बघ."

"बघू."

किती दिवाळ्या ते "बघू" चाललं, आत्या. उगवलं असतं तर मी हरलो असतो, आणि नसतं उगवलं तर तू. दोघांनाही ते नको असावं. निदान मला तरी नको होतं. भांडण मिटलं असतं तर जेवताना बोलायचं काय?

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापाशी कधीच बोललो नाही. तू त्या दाण्यातल्या एकुलत्या एका दलाबद्दल सांगायचीस. वालाची दलं मातीच्या वर येतात, हवा खातात, हिरवी होतात. भाताचं दल कधी बाहेर येतच नाही. ते आत, साठा आणि बाळ यांच्या मध्ये बसून राहतं, इकडून घेतं आणि तिकडं वाढतं. ऊन बघत नाही. तू हे सांगायचीस तेव्हा माझ्या मनात यायचं, ही स्वतःबद्दलच बोलतेय. बाबा गेले, आम्ही भावंडं तुझ्या जिवावर शिकलो, पांगलो, आणि तू त्या पाड्यावरच्या घरात, चुलीच्या आणि आमच्या मध्ये. पण मी ते बोललो असतो तर तू ताडकन म्हणाली असतीस, "बियाला माणूस करू नकोस, मार्क मिळत नाहीत." म्हणून गप्प राहिलो. आता तू मार्क कापू शकत नाहीस, म्हणून सांगून टाकलं.

तर बारावं.

बाळूकाकांनी पडवीत जाहीर केलं, "आक्काच्या बाराव्याला आक्काच्या घरचंच भात. विकतचा दाणा चुलीवर चढायचा नाय." तुझा धाकटा भाऊ, शब्द मोडायचा कुणी? कणगीत हात घातला तर तळ लागला. पण कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम होता, झाकण घट्ट, आत भात. आम्ही म्हटलं, हेच ते.

तिथंच चुकलो. आपल्याकडे बी ओळखायचं ते मुड्यावरून. पेंढ्यात गुंडाळलेला, दोरीनं आवळलेला तो गोल मुडा माळ्यावर दिसला की घरातलं शेंबडं पोरही त्याला हात लावत नाही. पण मुडा बांधणारा शेजारचा म्हातारा गेला, तुझी बोटं सांध्यांनी धरली, उंदरांनी पेंढा कुरतडला, आणि तू माझ्याच दुकानातून ड्रम उचलून आणलास. "तुझी कव्हरं कधीतरी कामाला येऊ देत." ड्रमावर कुठं लिहिलंय की आत बी आहे? ड्रमातलं भात म्हणजे खायचं भात, असंच सगळ्यांनी धरलं. डोळखांबची गिरणी बंद होती, म्हणून मी पोतं धसईला नेऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी नेतो सांगून परत आलो. फार मोठं काम केल्यासारखा पडवीत पाय पसरून बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखूवहिनी आली. तुझ्या अंगणापलीकडची. आल्या आल्या आधी तुझ्या नावानं रडली, मग पदरानं डोळे पुसले, आत जाऊन पाणी पिऊन आली आणि दारातच थांबली.

"दिन्याभाऊ, ड्रमातलं बी कुठं काढून ठेवलास?"

"कसलं बी?"

"लाल भाताचं. बाई दरसाल आमाला देतात ना. आमच्याकडं आता कुणाकडंच नाय उरला. गेल्या साली माझा सगळा करप्यात गेला, तवा बाईच म्हणल्या, माझ्याकडं हाय, घाबरू नको."

बाळूकाका एकदम आढ्याकडे बघायला लागले.

"काय केलास रे?" ती म्हणाली. "काय केलास तू?"

मी गिरणीत फोन लावला. तुझ्या अंगणात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर मिळते, म्हणून एक पाय कठड्यावर, एक हवेत, अशा थाटात मी ओरडत होतो. गिरणीवाला खुशीत. "तूस काढून झालं. पालिशच राहिलंय. लाइट गेली ना! आली की लगेच करून ठेवतो, चिंता नको."

"करू नका!" मी ओरडलो. पण रेंज गेली होती.

आत्या, विजेच्या नावानं मी आयुष्यात पुष्कळ बोटं मोडली. ती येऊ नये म्हणून पहिल्यांदाच प्रार्थना केली. मोटरसायकलवर धसईच्या रस्त्यानं जाताना दिसेल त्या टपरीतला पंखा बघत होतो. पंखा थांबलेला दिसला की जीव भांड्यात. एका टपरीत घामानं निथळणारा माणूस वर्तमानपत्रानं वारा घेत होता, त्याला मी जाता जाता नमस्कार केला. पण धसईत शिरलो आणि न्हाव्याच्या दुकानात पंखा फिरताना दिसला. भर भर भर.

गिरणीत धावत शिरलो. गिरणीवाला स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होता. माझं पोतं त्याच्या पायाशी.

"केलंत?"

"लाइट आत्ताच आली. म्हटलं चहा पिऊन घेऊ, मग चालू करू. दमलात काय? घ्या अर्धा."

मी पोत्यावर बसलो आणि त्याचा अर्धा चहा प्यायलो. तुझ्या पालथ्या कपाची आठवण आली. हसू आलं आणि डोळेही भरले. तो बिचारा म्हणाला, "जास्त गरम आहे का?"

घरी आणून पोतं उघडलं. सगळे दाणे तांबूस, उघडे, थंडीत आंघोळ घातलेल्या पोरांसारखे. बाळूकाका म्हणाले, "तूस गेलं ना? मग आता बी कसलं राहिलंय? शिजवा. आक्काला तेवढंच पोचेल."

आणि मी, ताडपत्रीवाला दिनेश, म्हणालो, "नाय काका. तूस म्हणजे नुसता रेनकोट. कातडी शाबूत आहे. कोपरा बघा, कोपरा आहे."

माझी बायको वंदना हातातलं सूप खाली ठेवून बघायलाच लागली. "अहो, तुमी तर कायम उलटं म्हणायचात! दर दिवाळीला हेच ऐकलंय मी."

"तेव्हा ती होती म्हणायला. आता तिची बाजू कुणीतरी घ्यायला नको?"

बोलून गेलो आणि पोत्याचं तोंड बांधायला लागलो. बाळूकाकांनी खाकरून घसा साफ केला. मग म्हणाले, "बरं. मुरबाडवरून तांदूळ आण मग." काकांनी स्वतःचा शब्द मोडला, आत्या. तुझ्यासाठी.

तुझं बारावं विकतच्या पांढऱ्याफटक तांदळावर झालं. लोक म्हणाले, भात मोकळा झालाय. मी पत्रावळीवर एकेक शीत बघत बसलो. प्रत्येकाचा कोपरा उडालेला. माझ्याच्यानं जेववेना. तू मला जेवणातून उठवलंस, मेल्यावरसुद्धा.

मग मी तुझ्या परातीत मूठभर दाणे भिजत घातले. थोडे पाण्यात ठेवायचे, मग निथळून ओल्या फडक्यात, एवढं मलाही ठाऊक होतं. पण भीती वाटायची सुकतील, म्हणून मी येता जाता पाणी ओतत राहिलो. कव्हर नाही ना त्यांना! एके दिवशी सकाळी बघितलं तर फडकं पाण्यात तरंगत होतं, आणि दाण्यांच्या कोपऱ्यातून पांढरे टोकदार दात वर आले होते. मूळ कुठंच नव्हतं.

"मूळ नाय," बाळूकाका म्हणाले. "नुसता वरचा भाग. हे काय जगत नसतंय, दिन्या."

सखूवहिनी नुसती परातीशी उकिडवी बसली होती. तिच्या त्या बसण्यानं मला जास्त भीती वाटली. हे भात गेलं असतं तर ते नुसतं तुझ्या घरातून गेलं नसतं, सगळ्या पाड्यातून गेलं असतं. आणि ते घालवणारा मी.

तेव्हा तुझा आवाज आठवला. वर्गातला नाही, खाचरातला. पेरल्यावर एकदा पाणी तुंबलं होतं आणि तू बांधावर उभी राहून मला दाखवत होतीस. पाण्यात बुडालेलं भात आधी टोपी वर काढतं, हवा शोधायला. मूळ मागं थांबतं, कारण मुळाला हवा लागते आणि बुडाल्यावर ती मिळत नाही. "पाणी काढ, मूळ आपोआप येतंय. त्यालाही पिशवी असते, ती फाडून येतं."

मी परात तिरकी केली, सगळं पाणी काढलं, फडकं पिळलं आणि हात पाठीमागं बांधून बसलो. वंदनानं दिवसभर मला परातीजवळ फिरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी फडकं उलगडलं. प्रत्येक दाण्याला पांढरं मूळ, बारीक, वळलेलं. सखूवहिनीनं एक दाणा तळहातावर घेतला, उजेडात धरला, आणि पहिल्यांदा हसली. "आला गो बाय," ती त्या दाण्याला म्हणाली. मी अंगणात गेलो आणि उगाचच बादली धुतली.

खरं सांगायचं तर सगळे नाही उगवले. बरेच बुरसले, काही आंबले. उघड्या अंगाला बुरशी लवकर धरते, म्हणजे माझंही अगदीच चुकलेलं नव्हतं. सर्दी म्हणालीस ती सर्दीच, पण काही जण त्या सर्दीनंच गेले. मग पोत्यातलं बाकीचं थोडं थोडं भिजवत गेलो, आणि मोड आलेले दाणे चाळलेल्या मातीत आणि चुलीच्या राखेत, पडवीच्या सावलीला, मेणकापडावर पसरले. मेणकापड माझ्या दुकानातलं. त्यावर सखूवहिनीनं पेंढा अंथरला. पेंढा बघून मला तुझा मुडा आठवला. तुसाबाहेर पेंढा, पेंढ्याबाहेर दोरी, दोरीबाहेर माळा, आणि माळ्याखाली तू. दाण्याला किती जणांनी झाकायचं असतं!

पाड्यातल्या बायकांनी ठरवलंय की यंदा सगळ्यांनी आपापल्या खाचरात बाजारचं बी टाकायचं, आणि लाल भाताची रोपं सगळी तुझ्याच खाचरात, एका जागी. निगा सगळ्यांनी करायची. पिकलं की मग वाटायचं. बाळूकाका राखणीला बसणार आहेत. बी बांधायचं ते मुड्यातच, आणि सखूवहिनी म्हणते मुडा मी बांधायचा, शिकेन तसा. ड्रम मी दुकानात परत नेलाय. त्यावर ताडपत्रीचे तुकडे ठेवतो.

काल पेंढा बाजूला सारला तेव्हा ते दिसलं. टोपी एका बाजूनं उभी फाटलेली, आणि त्या फटीतून पहिलं पान, गुंडाळलेलं, हिरवं होऊ लागलेलं. टोपीचं काम संपलं, ती तिथंच बुडाशी सुरकुतून राहिली होती. मी पडवीच्या पायरीवर बसलो. छातीवरून काहीतरी उतरलं. गेले कित्येक दिवस ते तिथं बसलंय हे मला माहीतच नव्हतं.

"हरलो गो, आत्या," मी मोठ्यानं म्हणालो. हरून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

अंगणापलीकडून सखूवहिनी ओरडली, "कोणाशी बोलतोस रे?"

"आत्याशी. म्हटलं, आता तरी पूर्ण मार्क दे."

"मग काय म्हणतात बाई?"

मी मेणकापडाकडे बघितलं, राखेकडे, पेंढ्याकडे.

"अर्धाच."